खेड्यातल्या खूनकथांमध्ये गुन्हा उकलणारा माणूस इतका नटूनथटून का असतो?

तुमचा प्रश्न असा: इंग्लंडमधल्या खेड्यात घडणाऱ्या जुन्या खूनकथांत मेण लावलेल्या मिशांचा, चकचकीत बुटांचा किंवा एका डोळ्याला मोनोकल (एकाच काचेचा चष्मा) लावणारा ऐटबाज गृहस्थच खुनी कसा शोधतो? आणि असं पात्र स्वतः लिहायचं तर कसं? माझ्या मते ही ऐट केवळ गंमत म्हणून आलेली नाही. कथेतला तपास तिच्यावरच चालतो.

अशा ऐटबाज गृहस्थाला इंग्रजीत 'डँडी' म्हणतात. आधी या शब्दाबद्दल, कारण मराठीत आपण त्याचा अर्थ छानछोकी, भपका, उधळपट्टी असा लावतो आणि तिथेच चुकतो. या पंथाचा मूळ पुरुष जॉर्ज 'बो' ब्रमेल (1778–1840). त्याने भपका वाढवला नाही, उलट काढून टाकला. केसांची पावडर गेली, जरीचं भरतकाम गेलं. दिवसा गडद निळा कोट, फिकट पिवळसर पँटलून, उंच बूट आणि पांढराशुभ्र क्रॅव्हॅट (गळ्याभोवती बांधायची कापडी पट्टी), एवढंच. रोज अंघोळ, दात घासणं, काटेकोर दाढी. त्या काळच्या लंडनमध्ये हेच नवल होतं. खरी मेहनत गळ्याशी असे. मलमलीला हलकी खळ देऊन सुमारे फूटभर उंचीची पट्टी गळ्याभोवती गुंडाळायची, हनुवटी छताकडे करून उभं राहायचं आणि मग जबडा हळूहळू खाली आणत पट्टीला चुण्या पाडायच्या. एक चुणी चुकली की ती पट्टी टाकून नवी घ्यायची, कारण खळीच्या कापडावर पडलेली घडी मोडता येत नाही. 1816 मध्ये कर्जापायी तो फ्रान्सला पळाला आणि तिथेच वारला.

आता हा माणूस आरशासमोर काय शिकतो ते पाहा. अर्ध्या इंचाचा फरक त्याला दिसतो. कोणती गोष्ट मुद्दाम केलेली आहे आणि कोणती निष्काळजीपणाने झालेली, हे तो ओळखतो. खून शोधायला याहून वेगळं काय लागतं?

साहित्याला हे फार लवकर उमगलं. 24 ऑक्टोबर 1823 रोजी हर्टफर्डशरमधल्या रॅडलेट गावच्या एका गल्लीत विल्यम वेअर या जुगाऱ्याचा खून झाला. त्याने आपले 300 पौंड लबाडीने जिंकले, असं खुनी जॉन थर्टेलचं म्हणणं होतं. जानेवारी 1824 मध्ये थर्टेल फासावर गेला. चारच वर्षांनी, 1828 मध्ये, इंग्रज लेखक बुलवर-लिटनची 'पेलहॅम' ही कादंबरी आली. तिच्यातला एक खलनायक थर्टेलवर बेतलेला आहे आणि खुनाच्या आरोपातून मित्राला सोडवणारा नायक पक्का डँडी आहे. तो वेष पालटून लंडनच्या चोरांच्या अड्ड्यातही शिरतो. म्हणजे एडगर अ‍ॅलन पो या लेखकाचा गुप्तहेर द्युपाँ अवतरण्याच्या 13 वर्षं आधी डँडी आणि खून एकत्र आले होते, तेही एका गावातल्या खऱ्या गुन्ह्याच्या आधाराने. गुप्तहेरकथेच्या इतिहासात या कादंबरीला मिळायला हवी तेवढी जागा मिळत नाही, याचं मला वाईट वाटतं.

पहिल्या महायुद्धानंतर ही जोडी पुन्हा जमली. अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या पहिल्या कादंबरीत (1920) तिचा नटवा गुप्तहेर पॉयरो बेल्जियन निर्वासित म्हणून एसेक्समधल्या गावात राहतो. तिथला एक धागा मी आदर्श मानतो (उलगड्याचा थोडा भाग सांगतोय, वाचायची असेल तर हा परिच्छेद सोडा). पॉयरोला वाकडी वस्तू सहन होत नाही, म्हणून तो शेकोटीवरच्या मांडणीतल्या वस्तू सरळ करतो. पुढे त्याच्या ध्यानात येतं की त्या सकाळी आपण त्या एकदा सरळ केल्या होत्या. मग पुन्हा कराव्या का लागल्या? मधे कुणीतरी त्यांना हात लावला. टापटिपीचं वेड हाच इथे पुरावा आहे.

लेखिका डोरोथी सेयर्सच्या लॉर्ड पीटर विम्सी या डँडी गुप्तहेराची पहिली कथा (1923) लंडनमधली आहे, पण तिथलं प्रेत पाहण्याजोगं आहे. केसांना सुगंधी तेल, नखं घासूनपुसून नेटकी. आणि दात किडलेले, हातांना घट्टे, अंगावर पिसवांचे चावे. वरवरची सजावट आणि रोजची सवय यांतला फरक डँडीइतका पटकन कोण ओळखेल?

खेडंच का, तर तिथे प्रत्येकाचा पेहराव आणि दिनक्रम सगळ्यांना पाठ असतो. बदल झाला की दिसतो. ख्रिस्तीचीच दुसरी गुप्तहेर, खेड्यात राहणारी मिस मार्पल, तो बदल गावातली म्हणून टिपते, डँडी बाहेरचा म्हणून. शिवाय गावकरी त्याला हसतात, आणि हसणारा माणूस त्याच्यासमोर सैल बोलतो.

लिहिताना काळाचे कपडे नीट समजून घ्या. मोठ्या घरात जेवणाआधी साधारण अर्धा तास कपडे बदलण्याची घंटा होई. त्या अर्ध्या तासात प्रत्येक जण आपापल्या खोलीत एकटा, म्हणजे कुणालाच साक्षीदार नाही. पण कपडे बदलायलाही वेळ लागे: कडक खळीची छाती असलेला सदरा, पुढच्या काजांतले सुटे स्टड (काढघाल करायच्या गुंड्या), पुढे-मागे दोन स्टडांनी जोडायची वेगळी कॉलर, मग टाय. रक्ताचा डाग पडलेला सदरा दोन मिनिटांत बदलला असं लिहिलंत तर जाणकार वाचक पुस्तक मिटेल. आणि बदललाच तर जुना कुठे गेला? खिदमतगाराला सदऱ्यांची संख्या माहीत असते, धुलाईची यादी असते, कपड्यांवर धोब्याची खूण असते.

नवे लेखक बहुतेक वेळा एकच चूक करतात. पहिल्या पानावर मिशा, छडी, मोजे यांचं वर्णन करतात आणि पुढे त्यांचा उपयोगच करत नाहीत. पात्राची एकच खोड निवडा, ती खून होण्याआधी दोनदा सहज दाखवा, आणि तिसऱ्या वेळी तिच्यातूनच पुरावा निघू द्या. खोड कापडाची असेल तर ते कापड कसं धुतलं जातं, किती वेळात सुकतं, कशाने डागाळतं हे आधी स्वतः करून बघा.