दिल्लीत राहून निर्वासित मुलांच्या शिक्षणाला हातभार कसा लावता येईल?

मी मूळची सांगलीची, लग्नानंतर दिल्लीत आले. दोन वर्षं दर रविवारी लाजपतनगरला चार अफगाण मुलांना गणित शिकवायला जात होते. आठवड्याला दोन तासांनी काय होणार, असं तुम्ही विचारलंय. होतं, पण माझ्या बाबतीत गणिताचा नंबर शेवटी लागला.

आधी कागदपत्रं. १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही. त्यामुळे मुलांकडे असतं यूएनएचसीआरचं (संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेचं) कार्ड, शाळेत मागतात आधार. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला लागू आहे. तो माहीत असलेलं एखादं मोठं माणूस सोबत गेलं की समोरच्याचा सूर बदलतो. मधली तीन वर्षं बुडालेल्या पंधरा-सोळाच्या मुलांना मी एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची) दहावी सुचवते. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, एकेक विषय काढता येतो.

"आम्ही कॅनडाला जाणार, मग इथली दहावी कशाला?" हे मुलांकडून ऐकावं लागेलच. वाद घालू नका आणि खोटी आशाही लावू नका.

चौघांतली एक मुलगी पंधरा वर्षांची. मालिका बघून हिंदी शिकलेली, म्हणून घरातली दुभाषी तीच. सरकारी दवाखान्यात आईच्या पाळीच्या तक्रारी डॉक्टरांना तिनेच सांगायच्या! लाजून निम्मं गाळायची. मग आम्ही कितीतरी रविवार केसपेपर वाचण्यात घालवले: १-०-१ म्हणजे काय, उपाशीपोटी म्हणजे किती वेळ, रिपोर्टमधलं हिमोग्लोबिन कुठे बघायचं. आईसोबत आत जायला एक शेजारीण तयार केली. केसपेपरबरोबर क्षयाबद्दलही बोललो: त्याची औषधं सरकारी केंद्रात फुकट मिळतात, पण साधारण सहा महिने घ्यावी लागतात. खोकला थांबला म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत, हे तर मी पाढ्यासारखं घोकून घेतलं.

भाषेची भीती बाळगू नका. दफ्तर, कलम, अर्ज, दरवाजा हे त्यांच्या दारी भाषेतले (अफगाणिस्तानातली फारसी) शब्द आपल्याला पाठच आहेत.

एक चूक मात्र सांगते. गणपतीला गावी गेले आणि तीन रविवार बुडवले, न कळवता. परत आले तर एकटाच मुलगा बसलेला. बाकीचे धरून चालले होते, की हीसुद्धा आपल्याला सोडून गेली. सुट्टी घ्याल तेव्हा परत यायची तारीख त्यांच्याच वहीत लिहून जा.