लढाऊ विमानासाठी प्रोसेसर बनवायचाय? मग आधी हे वाच

भावा, नाशिकजवळच्या ओझरवरून सुखोई उडालं की त्यातला कॉम्प्युटरपण आपला असावा असं वाटतं म्हणालास, ते मनापासून पटलं. पण पहिल्या दिवशीच इंटेलच्या आय-सेव्हन प्रोसेसरला टक्कर द्यायचं डोक्यात घेऊ नकोस, संरक्षणात स्पीडपेक्षा भरवसा मोठा. चिपला उणे ५५ ते अधिक १२५ डिग्रीत चालायचं असतं, धक्के सोसायचे असतात आणि आत कुणी चोरवाट ठेवलेली नाही हे आपल्याला स्वतः तपासता आलं पाहिजे, बाहेरून आणलेल्या बंद चिपमध्ये तेच तर जमत नाही.

इस्रोचा विक्रम ३२०१ प्रोसेसर बघ, ३२ बिटचा, मोहालीच्या एससीएल या सरकारी चिप कारखान्यात १८० नॅनोमीटर तंत्रावर बनलेला (हा आकडा जितका लहान तितकं तंत्र नवं). मोबाईलच्या मानाने जुनं तंत्र वाटेल, पण रॉकेटला ते पुरतं आणि सगळं देशातच होतं, मला तरी हीच वाट बरोबर वाटते.

तू रिस्क-फाईव्हपासून सुरू कर, त्याचा इन्स्ट्रक्शन सेट, म्हणजे प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांची यादी, खुला आहे, लायसन्सचे पैसे नाहीत. आयआयटी मद्रासच्या शक्ती प्रोसेसरचा कोड मिळतो तो वाच, सीडॅक या सरकारी संस्थेचा एरीज बोर्ड घेऊन त्यावर प्रोग्रॅम चालव, मग व्हेरिलॉग या चिप डिझाईनच्या भाषेत छोटा कोअर, म्हणजे प्रोसेसरचा गाभा, लिहून एफपीजीएवर, म्हणजे हवं ते सर्किट भरता येणाऱ्या चिपवर, टाक. आणि व्हेरिफिकेशन, म्हणजे डिझाईन बरोबर चालतं का ते तपासणं, मनापासून शिक रे, पोरं डिझाईनच्या मागे लागतात पण खरा वेळ टेस्टिंगमध्येच जातो, सिलिकॉन एकदा छापलं की चूक खोडता येत नाही. माझा पहिला कोअर इंटरप्टला, म्हणजे मधेच येणाऱ्या तातडीच्या सिग्नलला, अडकायचा, सिम्युलेशनमध्ये तीन आठवडे शोधत बसलो होतो.

तुझा कोअर अडकला की वेव्हफॉर्म, म्हणजे सिग्नलचा आलेख, घेऊन रविवारी कॉलेज रोडला ये, बसून बघू.