कॉलेज बास्केटबॉलचा व्हिडिओ गेम २००९ नंतर का आला नाही?

थेट कारण म्हणजे विक्री घटली होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ईए स्पोर्ट्स या गेम कंपनीची 'मार्च मॅडनेस' मालिका सुरू झाली, पुढे तिचं नाव 'एनसीएए बास्केटबॉल' झालं (एनसीएए म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचं नियमन करणारी संस्था) आणि नोव्हेंबर २००९ मधला 'एनसीएए बास्केटबॉल १०' शेवटचा ठरला. टू-के कंपनीची 'कॉलेज हूप्स' मालिका तर २००७ मध्येच थांबली होती. मला खेळाच्या दृष्टीने तीच सरस वाटते.

पण परतीची वाट अडवली ती एड ओबॅनन खटल्याने. १९९५ मध्ये यूसीएलए या अमेरिकन विद्यापीठाच्या संघाला विजेतेपद मिळवून देणाऱ्या ओबॅननने मित्राच्या घरी गेममध्ये स्वतःलाच पाहिलं: तोच ३१ क्रमांक, तोच डावखुरा हात, फक्त नाव नाही. आणि मोबदला शून्य! २००९ मध्ये त्याने एनसीएएवर दावा ठोकला. माझ्या मते त्याचं म्हणणं शंभर टक्के रास्त होतं. ज्याच्या घामावर गेम विकला जातो, त्याला वाटा मिळायलाच हवा.

२०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचे आणि प्रतिमेचे पैसे घेता येतात. म्हणूनच २०२४ मध्ये कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलचा गेम परतला, आणि २०२५ मध्ये ईएने बास्केटबॉलच्या पुनरागमनाचेही संकेत दिले.