थकलेल्या बैलाला चाबूक?

प्रश्न : आमची पॉमेरियन चिमी साडेअकरा वर्षांची आहे. हृदयाची झडप गळते म्हणून दोन वर्षं पिमोबेंडानची गोळी चालू आहे. शेजारचे काका म्हणतात, ही गोळी म्हणजे थकलेल्या बैलाला चाबूक. आतली ताकद लवकर संपते. गोळी थांबवू का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, थांबवू नका. परस्पर गोळी बंद केलेलं कुत्रं मी टेबलावर पाहिलंय. मान ताणून श्वास ओढत होतं, हिरड्या निळसर पडलेल्या. ते चित्र डोळ्यांपुढून जात नाही.

काकांची शंका मात्र उगाच नाही. मिलरिनोन हे हृदयाला जोर देणारं औषध माणसांना गोळीतून दीर्घकाळ दिलं, तेव्हा मृत्यू वाढले. तो अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला.

हृदयाचं हातावर पोट असतं. एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, लागेल तसं बनवायचं, बरंचसं मेदाम्लं (चरबीतली आम्लं) जाळून. ते आकुंचनाला लागतं, तसंच ठोक्यानंतर पेशीतलं कॅल्शियम उपसून परत कोठारात टाकायलाही लागतं. मिलरिनोनसारखी औषधं कॅल्शियम वाढवून जोर आणतात, म्हणजे उपसाही वाढतो. पिमोबेंडानमध्ये तो गुण थोडा आहे, ते मी लपवत नाही. पण आहे त्याच कॅल्शियमवर स्नायू जास्त जोरानं आवळला जावा, हे त्याचं खास काम. शिवाय रक्तवाहिन्या सैलावतात आणि हृदयावरचं ओझं उतरतं.

कुत्र्यांमध्ये तर हे तपासून झालंय. २०१६ च्या एपिक अभ्यासात झडप गळणारी, हृदय मोठं झालेली पण अजून लक्षणं नसलेली ३६० कुत्री होती. हृदय निकामी होईपर्यंत किंवा त्यापायी मृत्यू येईपर्यंतचा मध्यक काळ गोळीवर १२२८ दिवस भरला, औषध नसलेल्या गोळीवर ७६६. चाबूकच असता तर आकडे उलटे आले असते.

चिमी गाढ झोपली की छातीची वर-खाली पूर्ण एक मिनिट मोजा आणि कॅलेंडरवर लिहा. श्वासांचा आकडा तीसच्या आत असेल तर ठीक. पुन्हा मोजूनही तो वर राहिला तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरकडे न्या. आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी धाप लागतेच, म्हणून पहाटे ती गार फरशीवर पसरलेली असताना मोजा. गोळी बारा-बारा तासांनी, जेवणाआधी तासभर. आणि शेंगाचटणी लावलेला भाकरीचा तुकडा घरात कुणी तिला देत असेल तर तो बंद करा. त्यातलं मीठ तिला जड जातं.