पंखाचे टोक आडवे की उभे?

‘पंखांची टोके वर वळवल्याने खरोखर इंधन वाचते का, आणि मग बोइंग ७७७ला ती का नसतात?’ हा आपला प्रश्न वाचला आणि थोरल्या बहिणीच्या घाटकोपरच्या घराची गच्ची आठवली. मी विमानतळावरच्या हँगरमध्ये एकोणतीस वर्षे पत्र्याचे काम केले. तरीही भावोजी दहा पाहुण्यांसमोर म्हणाले, ‘‘तुमचे हे तुरे निव्वळ शोभेचे. पंख लांब हवा तर आडवा वाढवा, उभा कशाला?’’

जुलै महिना होता. तेवढ्यात डोक्यावरून एक विमान उतरत गेले आणि त्याच्या फ्लॅपच्या, म्हणजे पंखामागे खाली उतरणाऱ्या झडपेच्या, कडेपासून पिळदार पांढरी दोरी क्षणभर मागे सुटली. मी तीच दाखवली. पंखाखालची जास्त दाबाची हवा कडेवरून वर वळते, तिचा भोवरा होतो आणि तो फिरवत ठेवण्याचा खर्च इंधनातून निघतो. दमट हवेत तो दिसतो, एवढेच. वळलेले टोक भोवरा नाहीसा करते असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. ते त्याचा जोर कमी करते. नासाच्या रिचर्ड व्हिटकम यांनी १९७०च्या दशकात यावर काम केले आणि १९७९-८०मध्ये केसी-१३५ या अमेरिकी लष्करी विमानावरील चाचण्यांत इंधनात साडेसहा ते सात टक्के फायदा दिसला.

राहिला आडव्या पंखाचा मुद्दा. आडवा वाढवणे चांगलेच, पण विमान उभे कुठे करणार? एअरबस ए-३२०च्या वर्गाला विमानतळावर मिळणाऱ्या जागेत पंखांचा टोकापासून टोकापर्यंतचा पसारा ३६ मीटरच्या आत लागतो; शार्कलेट, म्हणजे एअरबसचे वर वळलेले टोक, लावलेल्या ए-३२०चा पसारा ३५.८ मीटर भरतो आणि ते शार्कलेट २.४ मीटर वर जाते. बोइंगचे ७७७-३००ईआर मोठ्या जागेत उभे राहते, म्हणून त्याचे टोक मागे झुकवून, निमुळते करून आडवेच वाढवले आहे, पसारा ६४.८ मीटर. मी भावोजींना एवढेच विचारले, ‘‘तुम्ही खोलीत पोटमाळा का घातलात? भिंत शेजाऱ्याच्या घरात का सरकवली नाहीत?’’ पाहुणे हसले. भावोजी जिलबी आणायला खाली गेले.

मात्र एक गोष्ट मी त्या दिवशी बोललो नाही. एअरबस सांगते ती चार टक्क्यांपर्यंतची बचत लांब पल्ल्याची आहे. मुंबई–गोव्यासारख्या तासाभराच्या फेरीत ती थोडीच पडते आणि टोकाचे व पंखाच्या मजबुतीचे वजन मात्र प्रत्येक फेरीत वाहावे लागते. आपल्याकडेही कोणी ‘शोभेचे तुरे’ म्हणत असेल, तर त्यांना जुलैत घाटकोपरच्या गच्चीवर न्यावे आणि गोव्याचा विषय काढू नये.