एप्रिलमध्ये हात आवरा: फँटसी बेसबॉलच्या नवशिक्यांची प्रश्नोत्तरे

फँटसी बेसबॉल म्हणजे अमेरिकेतल्या खऱ्या बेसबॉल खेळाडूंची आपली एक कागदोपत्री टीम करायची, ते मैदानात जे करतात त्याचे आकडे आपल्या खात्यात. मार्च संपत आला की दरवर्षी त्यावरून मला तेच फोन. ऑफिसमधल्या कोणीतरी लीगमध्ये ओढलेलं असतं, "तू डेटावाला माणूस, तुला सहज जमेल" म्हणून, आणि आपला माणूस हो म्हणून बसलेला असतो. मी पण असंच हो म्हटलं होतं, चौदा वर्षांपूर्वी न्यू जर्सीत, कारण त्यांना बारावी टीम मिळत नव्हती. त्या वर्षी मी बारावीच आले. तेव्हापासून बऱ्याच चुका करून झाल्यात, त्यातल्या काही तुमच्या वाचाव्यात म्हणून सीझनभर आलेल्या प्रश्नांतले थोडे निवडलेत.

ताई, मला क्रिकेट सोडून काही कळत नाही. लीगवाले म्हणतात आपलं "फाइव्ह बाय फाइव्ह रोटो" आहे. हे काय, पोळीभाजीच्या रोलचं नाव आहे का? (प्लेनो, टेक्सस)

हसू नका, पण खाण्याशी संबंध आहेच. १९८० साली डॅनियल ओक्रेंट नावाच्या लेखक-संपादकाने मित्रांना गोळा करून हा खेळ सुरू केला, आणि ही मंडळी न्यूयॉर्कमधल्या ज्या हॉटेलात जेवायला जमायची त्याचं नाव ला रोटिसरी फ्रॉन्सेज, म्हणून रोटिसरी, आणि त्याचं झालं रोटो.

फाइव्ह बाय फाइव्ह म्हणजे बॅटिंगचे पाच रकाने आणि पिचिंगचे (म्हणजे आपली बॉलिंग) पाच. बॅटिंगला रन (चारही बेस, म्हणजे मैदानातले थांबे, पार केले की एक), होमरन (आपला सिक्सच समजा), आरबीआय (त्याच्या बॅटिंगमुळे टीमला मिळालेले रन), स्टोलन बेस (कोणी बॉल न मारता पळून पुढचा बेस गाठणं) आणि अ‍ॅव्हरेज. पिचिंगला विन (टीम जिंकली की एका पिचरच्या नावावर लागतो), सेव्ह (याबद्दल पुढे), स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकमध्ये बॅटर आउट), ईआरए आणि व्हिप. रोटोत सीझनभराची बेरीज होते, बारा टीम असतील तर एखाद्या रकान्यात पहिला आलेल्याला १२ पॉइंट, शेवटच्याला १, म्हणजे जास्तीत जास्त १२०. दुसरा प्रकार हेड टु हेड, त्यात दर आठवड्याला एकाच टीमशी सामना आणि कोणी किती रकाने जिंकले ते बघायचं. तिसरा सरळ पॉइंटचा, होमरनला इतके, स्ट्राइकआउटला इतके. तुमची लीग कुठली ते ड्राफ्टच्या (सीझनआधी राउंडराउंडने, पाळीपाळीने खेळाडू निवडायचे तो दिवस) आधी नीट वाचा, मी पहिल्या वर्षी वाचलं नव्हतं.

क्रिकेटवाल्यांसाठी तीनच खुणा. अ‍ॅव्हरेज .३०० म्हणजे दहा वेळा बॅटिंग, तीन हिट (मारून बेस गाठला), आणि तो भारी बॅटर समजतात, त्यामुळे सात वेळा आउट झाला म्हणून रागावू नका. ईआरए म्हणजे आपली इकॉनॉमीच समजा, फक्त ओव्हरमागे नाही तर नऊ इनिंगमागे किती रन दिले (फील्डरच्या चुकीने गेलेले धरत नाहीत). व्हिप म्हणजे दर इनिंगला वॉक (चार वाईट बॉल पडले की बॅटर फुकट पहिल्या बेसवर) आणि हिट मिळून किती लोक बेसवर सोडले.

नवरा यांकीजचा फॅन आहे, म्हणतो ड्राफ्टमध्ये सगळे यांकीजच घेऊ. आणि पहिल्या राउंडला पिचर घ्यायचा की बॅटर? (एडिसन, न्यू जर्सी)

नवऱ्याला सांगा टोपी घाल, टीम मी बघते. एकाच टीमचे आठ जण घेतले की त्यांना सुट्टी त्या दिवशी तुम्हालाही सुट्टी, आणि ब्राँक्समध्ये, यांकीजच्या मैदानावर, पाऊस पडला की तुमच्या घरी पण शून्य.

पहिला बॅटर घ्या. बॅटर जवळजवळ रोज खेळतो, स्टार्टिंग पिचर (मॅचची सुरुवात करणारा) पाच-सहा दिवसांतून एकदा, आणि पिचरच्या कोपराचा काही भरवसा नसतो. अटलांटाच्या स्पेन्सर स्ट्रायडरने २०२३ ला २० विन आणि २८१ स्ट्राइकआउट दिले, पुढच्या वर्षी लोकांनी त्याला पळत जाऊन पहिल्या-दुसऱ्या राउंडला उचललं, तो दोन मॅच टाकून कोपराच्या सर्जरीला गेला.

पण बॅटर घेतला म्हणजे सुटलात असंही नाही हो. त्याच २०२४ ला त्याच टीमचा रोनाल्ड अकुन्या बहुतेक ड्राफ्टमध्ये अगदी पहिला गेला, आधीच्या सीझनला ४१ होमरन आणि ७३ स्टोलन बेस, असं कोणी कधी केलेलंच नव्हतं. माझ्याकडे पहिला नंबर आला होता म्हणून मी आठवडाभर उड्या मारत होते. मे महिन्यातला लाँग वीकेंडचा रविवार, मी इंडियन स्टोअरमध्ये कोथिंबिरीच्या जुड्या चाळतेय, फोन वाजला, बघते तर पिट्सबर्गला बेसवर पळताना गुडघा गेला, लिगामेंट तुटलं, सीझन संपला. जुडी तशीच हातात. त्यावर्षी मी पाचवी आले, आणि ती पाचवी पण मधल्या राउंडला घेतलेल्या साध्यासुध्या, रोज खेळणाऱ्या माणसांमुळे. पहिला राउंड कोणीही नीट करतो हो, आठव्या ते सोळाव्या राउंडला झोप येते तिथे लीग हरतात लोक.

कॅचरबद्दल (आपला विकेटकीपर) लोक नेहमी विचारतात. चांगले कॅचर फार कमी, कारण गुडघ्यावर बसून बसून त्यांना सुट्ट्या द्याव्या लागतात. २०२५ ला सिअॅटलच्या कॅल रॅलीने कॅचर असून ६० होमरन मारले, पण तसा दुसरा शोधत बसू नका, मिळाला तर ठीक नाहीतर शेवटच्या राउंडला कोणीतरी चालता-बोलता घ्या.

तुमच्या लीगमध्ये ड्राफ्टऐवजी ऑक्शन असेल तर आयपीएलचा लिलाव बघितलेल्यांना ते पटकन जमतं, साधारण २६० डॉलरमध्ये २३ खेळाडू बसवायचे. नियम एकच, पहिल्या अर्ध्या तासात पाकीट रिकामं करायचं नाही.

तीन आठवडे झाले, माझा पहिल्या राउंडचा हिरो .१९० ला अडकलाय. काढून टाकू का? (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

नाही. नाही म्हणजे नाही.

यांकीजचा आरन जज २०२४ ला एप्रिल संपताना .२०० च्या आसपास घुटमळत होता, लोक त्याला स्वस्तात ट्रेड करत होते. सीझन संपला तेव्हा .३२२, ५८ होमरन, १४४ आरबीआय. ज्यांनी तो एप्रिलमध्ये विकला ते अजून त्याचं नाव काढलं की गप्प होतात.

सीझन १६२ मॅचचा आहे, तीन आठवडे म्हणजे वीसेक मॅच. मारलेला बॉल फील्डरच्या हातात जातो की दोघांच्या मधून निघतो यात नशीब बरंच असतं, साधारणपणे मैदानात पडलेल्या बॉलपैकी तीस टक्क्यांना हिट मिळते. याला बॅबिप म्हणतात, कुठल्याही साइटवर तो रकाना सापडतो. तुमच्या हिरोचा बॅबिप .२१० दिसत असेल आणि तो आधीइतकाच जोरात मारत असेल तर थांबा. मला बघायच्या असतात त्या गोष्टी वेगळ्याच: तो रोज लाइनअपमध्ये (त्या दिवशीच्या बॅटिंग ऑर्डरमध्ये) आहे का, दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवरून सातव्यावर ढकलला का, मनगट किंवा खांद्याबद्दल काही बातमी आहे का. यातलं काही असेल तर काळजी करा.

आणि एकट्या अ‍ॅव्हरेजवरून माणूस वाईट ठरवू नका. काइल श्वार्बरने २०२३ ला .१९७ ने ४७ होमरन मारले, १०४ आरबीआय, १०८ रन. एक रकाना बुडवला, तीन भरले. उलट लुईस अराएझ त्याच वर्षी .३५४, होमरन दहा. दोघे एका टीममध्ये ठेवले तर भाजी बरोबर होते, एकाचं तिखट दुसऱ्याचा गूळ.

काढायचेच असतील तर यादीतले शेवटचे दोन-तीन काढा, वेव्हरवर (कोणाच्याच टीममध्ये नसलेल्यांच्या यादीत) चांगलं कोणी दिसलं तर. आणि जखमी माणसाला आयएलच्या (जखमींसाठी राखीव) जागेवर टाका, सोडू नका. दरवर्षी कोणीतरी दहा दिवसांच्या दुखापतीवर चांगला बॅटर सोडतो, आणि तो मी उचलते.

रविवारी सकाळपर्यंत ईआरएमध्ये पुढे होतो. वेव्हरवरून एक पिचर घेतला, त्याने सगळं घालवलं. एका माणसाने इतका फरक कसा पडतो? (टोरँटो)

पाटीवर मांडू या. समजा शनिवारपर्यंत तुमच्या पिचरांनी ४० इनिंग टाकल्या, १४ रन दिले. १४ गुणिले ९ भागिले ४०, ईआरए ३.१५. छान. आता हा नवा गडी आला, २ इनिंगमध्ये ७ रन देऊन घरी गेला. झाले २१ रन, ४२ इनिंग, ईआरए थेट ४.५०. सहा दिवसांचं दूध आणि एक थेंब लिंबू.

या रोज नवा पिचर उचलण्याला स्ट्रीमिंग म्हणतात, आणि ते वाईट नाही, फक्त कधी करायचं ते बघा. स्ट्राइकआउट आणि विनमध्ये मागे असाल, ईआरए आधीच गेला असेल, तर बिनधास्त करा. ईआरए आणि व्हिपमध्ये पुढे असाल तर रविवारी हातावर हात ठेवून बसा (लीगमध्ये आठवड्याला किमान इनिंगची अट असते, ती पूर्ण झाली का तेवढं बघून). आणि पिचर घेताना मॅच कुठे आहे ते बघा हो! डेन्व्हरचं कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून एक मैल उंच, हवा विरळ, बॉल लांब जातो आणि कर्व्हबॉल नीट वळत नाही. तिथे मी चांगला पिचरसुद्धा बेंचवर बसवते, आणि तिथे खेळणारे बॅटर मात्र आठवड्यापुरते उचलते.

विनच्या मागे फार धावू नका, तो रकाना पिचरच्या हातात कमीच असतो. जेकब डिग्रॉमने २०१८ ला १.७० च्या ईआरएने साय यंग अवॉर्ड (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचं) घेतलं आणि विन किती, तर १०. टीमने त्याच्यासाठी रनच केले नाहीत.

ओहतानी एक खेळाडू की दोन? (सिअॅटल)

शोहेई ओहतानी बॅटिंगही करतो आणि पिचिंगही, म्हणून हा प्रश्न. उत्तर साइटवर अवलंबून. याहूवर बॅटर ओहतानी वेगळा, पिचर ओहतानी वेगळा, दोन वेगळ्या टीममध्ये असू शकतो. काही ठिकाणी एकच, आणि तुम्ही रोज ठरवायचं आज बॅट की बॉल. लीग सुरू व्हायच्या आधी कमिशनरला (लीग चालवणाऱ्याला) विचारून ठेवा. मी एकदा ऐन ड्राफ्टमध्ये हा वाद पंधरा मिनिटं ऐकलाय. तसाही नुसता बॅटर म्हणून तो पुरतो, २०२४ ला एक बॉल न टाकता ५४ होमरन, ५९ स्टोलन बेस.

क्लोजरसाठी वरचा राउंड खर्च करायचा का? (शिकागो)

एक भरवशाचा मधल्या राउंडला, बाकी सीझनमध्ये वेचायचे. सेव्ह मिळतात ते शेवटी येऊन थोडक्यातली आघाडी राखणाऱ्या पिचरला, म्हणजे क्लोजरला, आणि ही नोकरी फार कच्ची. दोन मॅच घालवल्या की मॅनेजर दुसऱ्याला उभा करतो. म्हणून कोणाचा क्लोजर डळमळतोय आणि त्याच्या आधी आठवी इनिंग कोण टाकतोय, एवढं डोळ्याखालून घालत जा. स्टोलन बेसचं मात्र आता तसं दुर्मिळ राहिलं नाही, २०२३ ला बेस मोठे केले, पिचरने बेसकडे बॉल फेकण्यावर मर्यादा आणली, आणि वर्षभरात एकूण चोऱ्या २,४८६ वरून ३,५०३ वर गेल्या. जुन्या सल्ल्यांत स्टोलन बेससाठी वरचे राउंड घालवायला सांगितलेलं असेल तर ते सोडून द्या.

मी पुण्यात, भाऊ बॉस्टनला, त्याच्या लीगमध्ये घेतोय. ड्रीम इलेव्हन खेळायचो, ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानंतर पैशांचं सगळं बंद झालं. हे जमेल का, रात्र जागावी लागेल का? (पुणे)

फुकटची लीग आहे ना, मग या. पण ड्रीम इलेव्हनची सवय दारात काढून ठेवा. तिथे टॉस झाला, टीम लावली, रात्री निकाल. इथे एकच टीम सहा महिने सांभाळायची, रोज बघायचं पण रोज काही करायचं नाही, आणि क्रिकेटवाल्यांना नेमकं हेच जड जातं.

वेळेचं म्हणाल तर ईस्ट कोस्टच्या संध्याकाळी सातच्या मॅच तुमच्याकडे पहाटे साडेचारला, वेस्ट कोस्टच्या सकाळी साडेसातनंतर. लाइनअप मॅचच्या तीन-चार तास आधी कळतात, म्हणजे तुमची मध्यरात्र. तुम्ही झोपताना टीम लावा, सकाळी चहाबरोबर कॅलिफोर्नियाच्या मॅचचं काय ते बदला. भावाला विचारून आठवड्याला एकदाच लाइनअप लावायची लीग मिळाली तर फारच उत्तम, सोमवारी दुपारी डबा खाऊन झाला की लावून टाकायचं.

ऑफिसमधला एकजण माझ्या एका स्टारसाठी दोन चांगले खेळाडू देतोय. फायदा ना? (फिनिक्स)

दोन आले की तुम्हाला एकाला काढावं लागणार, तो तिसरा हिशोबात धरलात का? बहुतेक वेळा ज्याला एक मोठा मिळतो तो जिंकतो, कारण रिकाम्या जागी तो वेव्हरवरून कोणीतरी भरतोच. तुमच्या तीन जागा दुखापतीने रिकाम्या असतील तर गोष्ट वेगळी. आणि त्याला लगेच हो म्हणू नका, रात्र जाऊ द्या, सकाळी तो अजून काहीतरी घालतो.

ऑगस्ट उजाडला, मी तळाला. आता लाइनअप नाही लावलं तर चालेल का? (शार्लट, नॉर्थ कॅरोलिना)

चालत नाही हो. तुमच्या टीममध्ये तीन जखमी तसेच सुरू असले की त्या आठवड्याला तुमच्यासमोर येणारा फुकट जिंकतो, प्लेऑफला झगडणारा दुसरा कोणीतरी बाहेर जातो, आणि पुढच्या वर्षी लीगचा मेल तुम्हाला येत नाही. शिवाय हीच वेळ प्रयोग करायची, १ सप्टेंबरला खऱ्या टीम २८ खेळाडूंच्या होतात, नवी पोरं वर येतात, त्यांना घेऊन बघा.

माझ्या त्या पहिल्या वर्षी, शेवटच्या आठवड्यात, समोर पहिल्या नंबरवाला. मी आधीच बारावी. तरी रोज रात्री भांडी झाली की लाइनअप लावत होते. रविवारी रात्री माझ्या टीममधल्या कोणा एका अनोळखी मुलाने एक बेस चोरला, तो रकाना ५-४ झाला, आणि त्या एका चोरीवर समोरच्याचा पहिला नंबर गेला. दिवाळीच्या पॉटलकला तो अजून येतो, माझे शंकरपाळे खातो आणि दर वर्षी विचारतो, "तू शेवटची होतीस, तुला काय गरज होती?"