टोमणा म्हणजे नोटीस नव्हे

प्रश्न: नमस्कार मॅडम, कोथरूडला माझं पोळी-भाजी केंद्र आहे. पोळ्यांना तीन मावशी, भाज्यांना दोघी, डिलिव्हरीला एक मुलगा, काउंटरला एक मुलगी आणि मी, असा आठ जणांचा कारभार. प्रश्न काउंटरच्या मुलीचा आहे. सव्वादोन वर्षं झाली तिला, पगार १६ हजार, स्वभावाने गोड, गिऱ्हाइकांशी छान बोलते, पण ऑर्डरी घेताना इतका गोंधळ घालते की काय सांगू. श्रावणात एकांकडे सत्यनारायण होता, कांदा-लसूण नको म्हणून त्यांनी तीनदा सांगितलेलं, हिने लिहिलंच नाही आणि ४० माणसांची भाजी कांदा घालून गेली. मागच्या महिन्यात बारशाच्या ६० पुरणपोळ्यांची ऑर्डर वहीत दुसऱ्याच तारखेला लिहिली. शिवाय उशिरा येणं, न सांगता खाडे. मी खूपदा बोललेय तिला, परवाच म्हटलं, "हो का, मला वाटलं वही आपण शोभेला ठेवलीये." पण ढिम्म. आता मी ठरवलंय की बस झालं. भाच्याच्या बायकोला विचारून ठेवलंय, ती यायला तयार आहे. पण मी आजवर कुणालाच काढलेलं नाही. ती मला ताई म्हणते, सुतारदऱ्यात राहते, नवऱ्याची रिक्षा आहे ती कधी चालते कधी नाही, जूनमध्ये पोराच्या शाळेसाठी पाच हजार उचल घेतलीये ती अजून फिटायची आहे. सासूबाई म्हणतात गरिबाच्या पोटावर पाय देऊ नकोस. मिस्टर म्हणतात व्हॉट्सअॅपवर मेसेज टाक आणि मोकळी हो. मी विचार करतेय की सध्या धंदा कमी आहे असं सांगावं, म्हणजे तिलाही वाईट वाटणार नाही. काय करू? रात्री झोप लागत नाही. (नाव देऊ नका, ती हे मासिक वाचते की नाही माहीत नाही पण आमच्या शेजारच्या सगळ्या वाचतात.)

उत्तर: शेजारच्या सगळ्या वाचत असतील तर नाव नसलं तरी त्यांना कळेलच, पण असो.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात खटकलं ते वहीचं वाक्य. तुम्ही लिहिता "खूपदा बोललेय", आणि उदाहरण देता ते टोमण्याचं. आपल्या पुण्यात हा रोगच आहे बघा. जे सांगायचं ते सरळ सांगायचं नाही, पाटीवर लिहायचं नाहीतर टोमण्यात गुंडाळायचं, आणि समोरच्याला समजलं नाही तर तोच मठ्ठ. अहो, टोमणा ऐकल्यावर माणसाला एवढंच कळतं की आज ताईंचा मूड नाहीये, त्याला हे कळत नाही की आपली नोकरी जाऊ शकते. तुम्ही तिला कधीतरी समोर बसवून, हसू नाही की राग नाही, साध्या आवाजात असं म्हणालात का, की ऑर्डरी अशाच चुकत राहिल्या तर मला तुला ठेवता येणार नाही? पत्रावरून तरी वाटत नाही. तुम्ही ताई होतात म्हणून टोमणे मारलेत, नुसत्या मालकीण असतात तर पहिल्याच महिन्यात सांगून मोकळ्या झाला असतात.

म्हणून आधी एक प्रश्न स्वतःला विचारा आणि खरं उत्तर द्या. समजा आजपासून महिनाभर तिने एकही ऑर्डर चुकवली नाही, रोज वेळेवर आली, तर तुम्ही तिला ठेवाल का? ठेवाल असं उत्तर असेल तर तिला हा महिना मिळायलाच हवा. एका कागदावर मराठीत तीन गोष्टी लिहा: ऑर्डर घेतल्यावर तारीख, संख्या आणि कांदा-लसूण हे गिऱ्हाइकाला परत वाचून दाखवायचं, दहाला यायचं, खाडा असेल तर आदल्या दिवशी सांगायचं. खाली तारीख, एक प्रत तिला एक तुम्हाला, आणि तोंडाने हेही सांगायचं की यावर नोकरी अवलंबून आहे. मला विचाराल तर काउंटरच्या अर्ध्या चुका वही बदलल्यावर थांबतात. छापील ऑर्डर बुक घ्या अप्पा बळवंत चौकातून, रकाने आखलेलं, डुप्लिकेट पावतीवालं, फार महाग नसतं. सव्वादोन वर्षं कोऱ्या वहीत ऑर्डरी लिहिल्या जातायत आणि दोष सगळा एकाच मुलीचा, हे मला पूर्ण पटलेलं नाही.

पण उत्तर नाही असं असेल, म्हणजे भाच्याच्या बायकोला शब्द देऊन झालाय आणि मन उठलंय, तर कृपा करून संधी दिल्याचं नाटक करू नका. ती मुलगी महिनाभर जीव तोडून काम करेल आणि तुम्ही महिनाभर तिची चूक कधी होतेय याची वाट बघाल, याच्याइतकं वाईट काही नाही. मग सरळ काढा, पण नीट काढा.

नीट म्हणजे काय ते सांगते, आधी मी कसं वाईट केलं ते सांगते. चिंचवडला माझा छोटा वर्कशॉप होता, १९९७ सालची गोष्ट, स्टोअर सांभाळायला एक जण होता, हिशेब जुळायचा नाही, चोरी नव्हती नुसता गचाळपणा. काढायचं ठरलं तेव्हा मी सुपरवायझरला सांगितलं तूच सांग, आणि स्वतः मागच्या गोडाऊनमध्ये जाऊन खोकी मोजत बसले. खरंच मोजली, ११४ होती, अजून लक्षात आहे. शनिवारी संध्याकाळी, सगळे घरी निघालेले, त्याच्या हातात पाकीट. तो केबिनपाशी थांबला होता म्हणे पाऊण तास, मला भेटायला. मी काही बाहेर आले नाही. नंतर तो मला दोनदा लक्ष्मी रोडला दिसला आणि दोन्ही वेळा मीच रस्ता ओलांडून पलीकडे गेले. काही चुकलं तर त्याचं चुकलं होतं ना, मग पळत मी का होते?

तर व्हॉट्सअॅपवर नाही. मिस्टरांना म्हणावं तुमच्या साहेबांनी तुम्हाला असं काढलं तर चालेल का. तुम्हीच सांगायचं, समोर बसून, दुकानातच, दुपारी शटर खाली असतं तेव्हा. ते एक ते चार आपण जगाला ऐकवत असतो, त्याचा एकदा तरी चांगला उपयोग होईल. शनिवार नको, महिन्याची २८ तारीख नको, सणाच्या आदला दिवस तर नकोच. आठवड्याच्या मधला दिवस बरा, म्हणजे दुसऱ्या दिवशी तिला चार ठिकाणी फोन करता येतात, बँकेत जाता येतं, नुसतं घरात बसून रडावं लागत नाही.

आणि पहिल्या दोन वाक्यांत सांगून टाका. आपण काय करतो, आधी चहा, मग पोराची शाळा कशी चाललीये, मग तू किती चांगली आहेस, आणि ती बिचारी समजते पगार वाढतोय. असं म्हणा: "तुला एक वाईट गोष्ट सांगायची आहे. काउंटरचं काम तुला जमत नाहीये असं माझं मत झालंय आणि मी तुला कामावरून कमी करतेय. हे ठरलेलं आहे." एवढं बोलून गप्प बसा. ती रडेल किंवा चिडेल, म्हणेल ताई तुम्ही मला एकदा तरी सांगायचं होतं, आणि तिचं खरं असेल. तेव्हा म्हणा, हो, ते माझं चुकलं. पण सत्यनारायण, पुरणपोळ्या अशी यादी वाचायला लागू नका, तिथे काही कोर्ट भरलेलं नाही. आणि "बघू, विचार करते" तर अजिबात म्हणू नका, तुम्हाला सुटल्यासारखं वाटेल आणि ती रात्रभर आशेवर जागेल.

धंदा कमी आहे हे खोटं मात्र सांगू नका. आठवड्याभरात भाच्याची बायको काउंटरला बसणार आणि सुतारदऱ्यात ते कळायला दोन दिवस पुष्कळ झाले. वर कायद्यातही ते अंगाशी येतं. काम कमी झालं म्हणून माणूस कमी करायचा तर त्या प्रकारच्या कामात जो शेवटी आला त्याला आधी, असा नियम आहे, आणि वर्षाच्या आत परत माणूस घ्यायचा झाला तर आधी काढलेल्याला विचारावं लागतं. म्हणजे ज्या खोट्याने तुम्ही सुटायला बघताय त्यानेच अडकाल.

आता पैशाचं, कारण सासूबाईंचा पोटावर पाय इथे येतो. माझं मत विचाराल तर पाय नोकरी गेल्याने कमी पडतो, उद्यापासून येऊ नकोस आणि हिशेब नंतर बघू असं म्हटल्याने जास्त पडतो. लहान धंदा आहे म्हणून कायदा लागू नाही असं पुष्कळांना वाटतं, ते खरं नाही. पीएफ २० माणसांपासून, ईएसआय म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा आणि ग्रॅच्युइटी १० पासून, त्यामुळे त्यातून तुम्ही सुटता हे बरोबर, पण कामगाराला एक वर्ष झालं असेल तर एक महिन्याची कारणासहित लेखी नोटीस किंवा तिच्याऐवजी महिन्याचा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून जे नवीन लेबर कोड आले त्यातही आहे. काम जमत नाही म्हणून काढलं तरी हे द्यायचं असतं, चोरीमारी केली म्हणून रीतसर चौकशी करून काढलं तर गोष्ट वेगळी. तुमच्या हिशेबात नोटिशीचे १६ हजार, दोन वर्षांचे साधारण ८ आणि ८ म्हणजे आणखी १६, झाले ३२, शिवाय चालू महिन्याचे भरलेले दिवस. आणि शेवटचा पगार दोन कामाच्या दिवसांत हातात पडला पाहिजे, "एक तारखेला ये" चालत नाही. एकदा एखाद्या लेबर कन्सल्टंटला फी देऊन पत्र तपासून घ्या, आपल्याला वाटतं आपण लिहू शकतो पण नाही लिहू शकत. पैसे बँकेतून द्या, चिठ्ठीवर आकडे फोडून द्या, नुसतं पाकीट नको.

उचलीचे पाच हजार कापू का, हे तुम्ही विचारलेलं नाहीत पण मनात आहे ते कळतं. कापू शकता. मी असते तर सोडून दिले असते, दोन चुकलेल्या ऑर्डरींचं नुकसान त्याहून जास्त झालं असेल आणि ते तुम्ही सोसलंतच की. कापायचेच असतील तर त्याच बैठकीत तोंडाने सांगा, नंतर चिठ्ठी वाचताना कळायला नको.

दोन बारीक गोष्टी. ऑर्डरी तिच्या स्वतःच्या मोबाईलवर येतात की दुकानाच्या नंबरवर? बहुतेक ठिकाणी काउंटरच्या मुलीचाच नंबर गिऱ्हाइकांकडे असतो आणि ती गेली की लग्नसराईच्या ऑर्डरी हवेत. दुकानाचं वेगळं सिम आजच घ्या, तसंही घ्यायला हवं होतं. आणि कामाचा दाखला द्या, त्यात गिऱ्हाइकांशी वागणं उत्तम असं लिहा, कारण ते खरं आहे, आणि एखाद्या साडीच्या दुकानात ती मुलगी सोनं ठरेल. कुणी तुम्हाला फोन करून विचारलं तर हेच सांगा, वहीचं सांगायला जाऊ नका. पोळीवाल्या मावशींना त्याच दिवशी चारला सांगा की ती उद्यापासून येणार नाही, हिशेब पूर्ण दिलाय, बाकी तिचं आणि माझं. त्या पोळपाट आपटतील दोन दिवस. आपटू दे.

झोप लगेच लागेल असं मी म्हणत नाही. मला आठवडा लागला होता, आणि मी तर गोडाऊनमध्ये होते.

प्रश्न: मी हिंजवडीत आयटीत टीम लीड आहे, वय ३१. एचआरने सांगितलंय की माझ्या टीममधल्या एकीला गुरुवारी मीटिंगला बोलव, आम्ही तिला रिझाइन करायला सांगणार, तू फक्त सोबत बस. आम्ही रोज एकत्र जेवतो. तिला आदल्या दिवशी हिंट देऊ का?

उत्तर: नको. अर्धवट हिंटने तिची रात्र जाईल आणि हातात काहीच येणार नाही. त्यापेक्षा आज एचआरला गाठा आणि नोटीस पे किती, शेवटचा दिवस कुठला, इन्शुरन्स कधीपर्यंत, पत्रात कारण काय लिहिणार, हे सगळं आधी लेखी मागून घ्या, कारण ती वळून तुमच्याकडेच बघणार आहे आणि तेव्हा "मला काही माहीत नव्हतं" असं म्हणू नका, तुम्हाला माहीत होतं. राजीनामा आणि काढून टाकणं यात कागदावर फार फरक पडतो, तेव्हा आजच्या आज सही कर हे वाक्य तुमच्या तोंडून जाऊ देऊ नका, उलट कागद घरी नेऊन वाच असं तुम्हीच एचआरसमोर म्हणा, फार तर ते नाराज होतील. मीटिंग सकाळची मागा. आणि ती संपल्यावर संध्याकाळच्या बसपर्यंत तिला डेस्कवर बसवून ठेवू नका, कंपनीची कॅब मागवून द्या. स्वतःच्या गाडीतून सोडायला मात्र जाऊ नका, त्या हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास तुमच्या शेजारी बसायची शिक्षा तिला कशाला.